सिस्टरांचं रोजचं वाक्य

देवळाली कॅम्पातल्या आमच्या सिस्टरांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे माझ्या सासरच्या सगळ्या माणसांनी मिळूनही दिले नाहीत. मूळच्या केरळच्या. मिशनच्या शाळेतल्या एका खोलीत, सुरगाण्याकडून द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला आलेल्या बायकांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायच्या, आणि मी हजेरी मांडायला जायचे. पहिल्याच दिवशी मी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम रेघा आखून नेला. सिस्टरांनी तो कौतुकाने पाहिला आणि त्यावर चहाची किटली ठेवली. मग मीही सरळच विचारलं, "या बायकांना तुम्ही ख्रिश्चन करणार का?" अशा गोष्टी आधी विचारून मोकळं व्हावं. "आधी त्यांना सुपरवायझरशी बोलता येऊ दे," त्या म्हणाल्या. "देवाशी त्या रोज बोलतातच."

त्यांच्या वर्गात ए-बी-सी-डी नव्हती, परीक्षा नव्हती. "उद्या तुला कुठलं वाक्य लागणार?" असं प्रत्येकीला विचारायचं, तेवढंच शिकवायचं, आणि तिने ते दुसऱ्या दिवशी वापरून यायचं. तेही एकदाच म्हणून घ्यायच्या. उच्चार वाकडा असला तरी पुढे! "बाहेर कोण दोनदा ऐकून घेतं?" मी कपाळाला हात लावायचे. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, बायका गावी गेल्या, तर वर्ग बंद ठेवून याही जीपमध्ये बसून मागोमाग. पंधरा दिवसांनी परतल्या त्या पिशवीभर नागलीचं पीठ घेऊन. "लय चिखल हाय तिकडे!" इति सिस्टर.

हिराबाईने एकदा 'माझ्यावर ओरडू नका' हे वाक्य मागितलं. "सिस्टर, कामावरून काढतील तिला!" मी म्हटलं. "नाही म्हणता यायलाच हवं," असं म्हणून त्यांनी शिकवलंच. दुसऱ्या दिवशी हिराबाई सांगत आली, "मी म्हनलं, डोन्ट शाउट. त सायेब गपच झाला. मंग इचारतो, कुठं शिकली गं?" तिसऱ्या दिवशी तो सुपरवायझर आमच्या मागच्या बाकावर! त्याला कुठल्या यादीत घालू, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि यंदा उन्हाळ्यात सिस्टरांची ओडिशाला बदली झाली. त्या गेल्या तर वर्ग बंद होणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी तातडीने बदली रद्द करण्याचा अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. सिस्टरांनी तो घडी घालून परत दिला. "आमच्यात वरच्यांना नाही म्हणायची रीत नाही." हिराबाईला शिकवणारी हीच का बाई?

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "उद्या कुठलं वाक्य लागणार?" मग हिराबाई म्हणाली, "सिस्टर, तुमी जाऊ नका, हे कसं म्हनायचं?"

आता या विषय बदलणार, असं मला वाटलं. त्यांनी फळ्याकडे वळून सांगितलं, "प्लीज, डोन्ट गो." वर्गाने म्हटलं. सुपरवायझरनेही म्हटलं. इतकं स्वच्छ, की चूक काढायला जागा नव्हती. मी वही मिटली.

सिस्टर तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

वर्गाने पुन्हा म्हटलं. त्या वळल्या नाहीत.

"पुन्हा."

या वेळी मीही म्हटलं.