ग्रंथीची निरोगी बाजू

धाकट्या सर्जन भावाच्या हातावर ताईचा डोळे झाकून विश्वास होता. त्याने काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं काम तिचंच. म्हणून शेजारणीच्या गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या एका बाजूला गाठ निघाली, तेव्हा ताई तिला त्याच्याकडे घेऊन गेली. गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे गाठ काढून तिचं आवरण पूर्ण तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

"आत्ता फक्त गाठीची बाजू काढ. पुढचं माझ्या तपासणीनंतर बघू," ताईने बजावलं. "हो गं ताई," तो म्हणाला.

ऑपरेशननंतर नमुन्याची बरणी आली, तर तिच्यात ग्रंथीच्या दोन्ही बाजू! ताईने लगेच भावाला फोन लावला.

"परत कोण गळा उघडत बसणार?" भाऊ म्हणाला. "एकदाच काढून मोकळा झालो."

"तिला विचारलंस?"

"तू सोबत होतीस ना! तिने संमतीपत्र न वाचताच सही केली."

ताईने आवरणाचा कण न् कण पाहिला. एकही पेशी त्याबाहेर गेली नव्हती. गाठ निरुपद्रवी होती आणि दुसरी बाजू तर अगदी ठणठणीत.

गाठ साधी निघाली हे ऐकून शेजारीण ताईचा हात धरून रडलीच. "तुझ्या भावाने वाचवलं गं मला!"

ताईला गप्प बसता आलं असतं. पण दुसरी बाजू उगाच गेली, आता जन्मभर रोज गोळी घ्यावी लागेल, हे तिने सांगून टाकलं.

शेजारणीने धरलेला हात सोडला.

"तो मला परकाच," ती म्हणाली. "मी तुझ्या भरवशावर गेले होते."