जीपची रजई

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात थंडीला घाबरणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तोही स्वतःसाठी घाबरत नव्हता. ते माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. अख्खा जिल्हा उन्हाच्या नावानं बोटं मोडायचा. मोठेबाबांना मात्र भर मे महिन्यातही थंडीची काळजी. त्यांच्याकडे एक जुनी डिझेलची जीप होती आणि दिवाळी झाली की तिला सर्दी होते, असं त्यांचं ठाम मत होतं. सुट्टीवर आलेल्या कुणा फौजी ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं, की वर पहाडात डिझेल टाकीतच तुपासारखं गोठतं. कुठे तो पहाड आणि कुठे आमचं बाभुळगावाकडचं गाव! पण तेव्हापासून मोठेबाबा रोज संध्याकाळी टाकीला हात लावून बघत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

हिवाळाभर त्यांचे सोहळे चालत. संध्याकाळी जीपचं पाणी काढून टाकायचं आणि सकाळी चुलीवर तापवलेलं भरायचं. बॅटरी काढून आणायची आणि चुलीशेजारी ठेवायची. मांजरीला तिथून हाकलायचं. जीप उभी करायची ती अंगणाच्या उतारावर, म्हणजे रुसलीच तर ढकलता येईल, आणि तोंड पूर्वेला. "पयलं ऊन इंजनावर पडलं पायजे," असं ते बजावत. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, हंड्याखाली लाकूड सारत म्हणायची, "माह्या न्हाण्याले कधी तांब्याभर पाणी नाही तापवलं यायनं." मोठेबाबा ते ऐकूनही बॅटरीवरची राख पुसत राहायचे. त्यांची मुलगी सिंधू आणि मी बाभुळगावच्या कॉलेजात होतो. ते आम्हाला सोडायला निघत तेव्हा आधी इंजिन तापवणाऱ्या हीटरची चावी फिरवून डोळे मिटत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, मग जीप खोकायची आणि गल्लीभर काळा धूर. स्टँडच्या बऱ्याच अलीकडे आम्ही दोघी उतरून पायी जायचो. इतक्या अलीकडे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यातच ती कापसाची वाईट वर्षं आली. भाव वाढेल म्हणून लोक कापूस घरात भरून ठेवत, आणि भाव काही वाढत नसे. आमच्याकडे माळ्यापासून देवघरापर्यंत कापूस. आम्ही कापसावर झोपायचो, अंग खाजवत उठायचो आणि वरणातून तंतू काढत जेवायचो. एके दिवशी मोठेबाबा बाजारातून कापसानं भरलेली बैलगाडी तशीच परत घेऊन आले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "या भावात देण्यापेक्षा जीपले पांघरूण देईन!" आम्हाला वाटलं, रागाचं बोलणं आहे. पण चार दिवसांत सरकी काढलेला कापूस आला, मागोमाग पिंजारी आला. त्यानं माप विचारलं, ते ऐकलं आणि एवढा जाड माणूस घरात कोण आहे म्हणून आत डोकावून पाहिलं. लाल खारव्याच्या जाड कापडाची ती रजई जीपच्या बॉनेटवर चढली तेव्हा गाव बघायला लोटलं. आम्ही "रजईवाल्यायच्या पोरी" झालो. सिंधू रडली. म्हणाली, "बाबा, लोक हसून राह्यले ना!"

"हसू दे," मोठेबाबा म्हणाले. "तू सासरी जाशीन तवा याच गाडीत जाशीन. नवरीची गाडी का धक्क्यावर चालू करू?"

मार्गशीर्षात सिंधूचं लग्न ठरलं, महागावच्या घरी. वऱ्हाड ट्रकनं आलं. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं, पाठवणी दुसऱ्या सकाळी होती. उतारावर मांडव घातला होता, त्यामुळे जीप सपाटीवर उभी. चुलीभोवती आचाऱ्यांचा गराडा, त्यामुळे बॅटरीही जीपमध्येच. उरली रजई. मोठी आई कानाशी येऊन म्हणाली, "पाहुण्यायसमोर आज तरी नका टाकू. पोरीले टोमणे बसतीन." मोठेबाबा बराच वेळ जीपजवळ उभे राहिले. तेवढ्यात व्याही हात चोळत आले, "इवाईबुवा, तुमच्याकडे लय थंडी बाप्पा!" मोठेबाबांनी घडी केलेली रजई उचलली आणि त्यांच्या अंगावर टाकली.

सकाळी व्याही टवटवीत उठले. जीप उठली नाही. गरम पाणी झालं, हीटर झाला, पुटपुटणं झालं. जीप नुसती कण्हायची. मग फेटे बांधलेलं वऱ्हाड ढकलायला लागलं. नवरदेवही लागला, त्याच्या मुंडावळ्या मागच्या चाकात जाता जाता वाचल्या. माझी हसून मुरकुंडी वळली असती, पण मी मोठेबाबांचा चेहरा बघितला. शेवटी सिंधू वऱ्हाडाच्या ट्रकात, ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेली. जीपवर रजई का टाकली नाही, हे मोठेबाबांनी कुणालाही सांगितलं नाही. मोठ्या आईलाही बोल लावला नाही. व्याह्यांना रजई आवडली म्हणून तीही ट्रकात चढली. त्यानंतर मोठेबाबा चावडीवरून जाईनासे झाले. शेताला वळसा घालून घरी येत. जीप तशीच उघडी पडून राहिली. तिला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

पुढच्या हिवाळ्यात सिंधूचे दिवस भरत आले. मी आणि मोठेबाबा एसटीनं महागावला गेलो. डॉक्टरांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळीच पुसदला बोलावलं होतं. जावयाचा डिझेल टेम्पो अंगणात उभा होता. रात्री व्याह्यांनी मानाची म्हणून तीच रजई मोठेबाबांना पांघरायला दिली. सकाळी मी दार उघडलं, तर टेम्पोच्या तोंडावर लाल रजई, चारी कोपरे नीट खोचलेले, आणि मोठेबाबा बाजेवर धोतराचा सोगा कानाला गुंडाळून कुडकुडत बसलेले.

"इवाईबुवा, हे काय?" व्याह्यांनी विचारलं.

मोठेबाबांनी मान खाली घातली. "एकदा पोरगी माह्या दारातून दुसऱ्याच्या गाडीत गेली," ते म्हणाले. "त्या दिवशी ही रजई जीपवर असाले पायजे होती. आता उगीच धोका कायले?"

 व्याह्यांनी अंगावरची शाल काढून मोठेबाबांच्या खांद्यावर टाकली.

जावयानं चावी फिरवली आणि टेम्पो पहिल्या झटक्यात सुरू झाला. जावई, सिंधू आणि तिची सासू बसल्यावर पुढे चौथ्याला जागा नव्हती. सिंधूनं खिडकीतून हात बाहेर काढून रजई मागितली. मोठेबाबांनी ती आणून तिच्या गुडघ्यांवर पसरली. "वास येते ना डिझलचा?" त्यांनी ओशाळून विचारलं. तिनं रजई हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाली, "येऊ द्या बाबा. घरचाच हाय."

टेम्पो निघाला, वळणावरून दिसेनासाही झाला. मोठेबाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते, एक पाय पुढे, दोन्ही हात धक्का द्यायला धरतात तसे समोर धरून.