दुपारी थांबणारा पंप

लोक त्याला बगळा म्हणत. लांब पाय, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हातात लांब दांड्याची जाळी आणि काठावर उभं राहून पाण्याकडे एकटक बघायची सवय. दुसरं काही सुचणं अवघडच होतं. हे नाव रसायनांच्या दुकानदाराने ठेवलं आणि ते असं चिकटलं, की टेकडीवरच्या घरातल्या ताई त्याला बगळेकाका म्हणायच्या. त्यांना ते आडनावच वाटत होतं. त्यानेही कधी खुलासा केला नाही.

लोकांच्या घरचे पोहण्याचे तलाव राखणं हे त्याचं काम. बघणाऱ्याला वाटतं, पाणी भरलं की झालं. पण कोंडलेलं पाणी स्वस्थ बसत नाही. त्यात पानं पडतात, किडे पडतात, माणसांच्या अंगावरची तेलं उतरतात, आणि ऊन त्यातला क्लोरीन हळूहळू खाऊन टाकतं. पंप ते पाणी ओढतो, वाळूच्या टाकीतून गाळतो आणि परत तलावात सोडतो. हे फिरणं रोज काही तास चाललं तर पाणी निळं राहतं. थांबलं तर भिंती बुळबुळीत होतात, मग पाण्याला हिरवट झाक येते, आणि एके सकाळी तळ दिसेनासा होतो.

बगळा दर आठवड्याला प्रत्येक घरी जाई. जाळीच्या टोपल्यांतला कचरा काढी, भिंती घाशी, पंपाच्या झाकणाचं रबरी कडं पुसून त्याला ग्रीस लावी, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकी आणि नळी उजेडात धरून रंग बघे. मग पंप थांबवून झडप फिरवायची, टाकीतली वाळू उलट्या पाण्याने धुवायची, आणि शेवटी पंपाचं बटण पुन्हा घड्याळावर टाकायचं. बटण घड्याळावर असलं की भिंतीवरचं घड्याळ ठरल्या वेळी पंप आपोआप चालवतं आणि थांबवतं. ते ‘बंद’वर राहिलं तर काहीच होत नाही. सगळं काम त्या शेवटच्या बटणावर येऊन थांबे.

उन्हाळा सुरू होताना टेकडीवरच्या ताईंचा फोन आला. “बगळेकाका, पाणी हिरवं झालंय.”

तो गेला. पंपाच्या खोलीत शांतता होती. बटण ‘बंद’वर होतं.

“माझंच राहिलं असणार,” तो हसत म्हणाला. ते हसू फाटकापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

त्याचा थोरला भाऊ बस चालवायचा. वर्षानुवर्षं तोच रस्ता. एका सकाळी त्याने चौकात बस उभी केली, मागे वळला आणि प्रवाशांना विचारलं, “आता कुठे वळायचं असतं?” लोक हसले, माणूस मुळात गमतीदारच होता. त्याने तेच पुन्हा विचारलं. तेव्हा कोणी हसलं नाही. आता तो मुलीच्या घरी खिडकीपाशी बसलेला असतो आणि बगळा भेटायला गेला की त्याला साहेब म्हणतो. त्या सकाळी भाऊ ज्या वयाचा होता, त्याच वयाला बगळा आता पोचला होता.

महिन्याभराने पुन्हा तेच झालं. पुन्हा हिरवं पाणी, पुन्हा ‘बंद’वर बटण.

तेव्हापासून बगळा काम करताना मोठ्याने बोलायला लागला. “टोपली रिकामी. झाकण घट्ट. पंप चालू. बटण घड्याळावर.” कानाने ऐकलेलं तरी राहील, असं त्याला वाटलं. पण नेहमीचं काम लक्षात राहतच नाही, हे त्याला घरी येऊन पडल्यावर कळे. एका मंगळवारवर दुसरा मंगळवार बसतो, दुसऱ्यावर तिसरा, आणि हाताला आठवतं ते नेमकं कुठल्या मंगळवारचं, हे सांगता येत नाही. आपण बटण फिरवलं हे त्याला स्वच्छ दिसे. पण ते आजचं होतं की मागच्या आठवड्याचं? भावालाही तो चौक स्वच्छ दिसतच असणार. फक्त पुढचा रस्ता दिसत नव्हता.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा ताई हसल्या नाहीत. “काका, मला वाईट वाटतं बोलायला. पण आता पुन्हा झालं तर मी दुसरं कोणीतरी बघेन.”

त्या एका घराचं त्याला इतकं वाटलं नसतं. पण त्याच्या गाडीत एका बाजूला क्लोरीन आणि दुसऱ्या बाजूला आम्ल असे. दोन्ही एका बादलीत पडली तर जो वायू उठतो, तो बंद खोलीत माणसाला बाहेर येऊ देत नाही. जन्मभर त्याने त्या दोन बादल्या वेगळ्या ठेवल्या होत्या. आज बटण विसरणारा माणूस उद्या बादली विसरेल. आणि खोलीबाहेर पोरं पोहत असतात.

तो दुकानात गेला. “काय बगळ्या, आज मासा गळाला लागला नाही वाटतं?” दुकानदार म्हणाला.

“तुझ्याकडे कामाला जागा आहे का? डबे उचलायला.”

“तू? छपराखाली? अरे, दोन दिवसांत पिसं झडतील तुझी.” मग त्याने बगळ्याचा चेहरा पाहिला. “काय झालं रे?”

“पाठ दुखते,” बगळा म्हणाला.

काम सोडायचं ठरलं. सुरुवात टेकडीवरच्या घरापासून. पुढच्या मंगळवारी तो गेला तेव्हा ताई कामावर होत्या, दुपारनंतर येणार होत्या. शेवटचंच म्हणून त्याने सगळं सावकाश केलं. भिंती कोपऱ्यांसकट घासल्या. रबरी कडं बोटाने फिरवून पाहिलं. “पंप चालू,” तो म्हणाला. “बटण घड्याळावर. हात लावून पाहिलं.” आणि बाहेर येऊन मागच्या जिन्यापलीकडे, भिंतीच्या सावलीत बसून राहिला. ताई आल्या की काय बोलायचं, ते वाक्य त्याने मनात तयार ठेवलं होतं. पंप एकसुरी गुणगुणत होता.

मागच्या जिन्यावर सपाता वाजल्या. ताईंचे सासरे खाली उतरत होते, बनियनवर, एक हात कठड्याला धरून. ते सरळ पंपाच्या खोलीत शिरले. गुणगुण खाली बसत गेली आणि थांबली. म्हातारबुवा बाहेर आले, बनियनला हात पुसले आणि जिना चढायला लागले.

“आजोबा!”

ते दचकले. “कोण? तू गेला नाहीस अजून?”

“पंप तुम्ही बंद केलात?”

“कुठला पंप?”

“आजोबा, मी इथेच बसलोय.”

म्हातारबुवा पायरीवर टेकले. “आजोबा कोणाला म्हणतोस? तुझे केस माझ्याहून पांढरे आहेत.” मग म्हणाले, “अरे, तो नेमका माझ्या पलंगाखाली गुरगुरतो. कानातलं यंत्र काढून ठेवलं तरी पलंगाच्या पायांतून वर चढतो. दुपारी तासभर डोळा लागतो माझा. तेवढा तरी लागू दे की.”

“म्हणून बंद करता?”

“आणि उठलो की चालू करतो.” ते थांबले. “करतो बहुतेक. बंद करायचं लक्षात राहतं रे. चालू करायचं कधीकधी राहून जातं. मग दुसऱ्या दिवशी तो गप्पच असतो, खाली यायचं कारणच उरत नाही.”

बगळा खालच्या पायरीवर बसला. आधी हसला, मग त्याने टोपी काढून तोंडावर धरली.

“हसतोस का रडतोस?” म्हातारबुवांनी विचारलं. “एवढं काय झालं?”

“मला वाटलं माझं डोकं गेलं. इतके दिवस मला वाटत होतं, मीच विसरतो.”

“तू? तू तर खाली उभा राहून नेमाने ओरडतोस. पंप चालू, बटण घड्याळावर! वर मला सगळं ऐकू येतं. मला वाटायचं, मी बहिरा म्हणून मुद्दाम मलाच ऐकवतोय.”

बगळ्याने मोठा श्वास घेतला. त्या श्वासात क्लोरीनचा वास होता, तापलेल्या फरशीचा होता, आणि हे सगळं आपलंच आहे, उद्याही असणार आहे, असं त्याला वाटलं.

“पण सुनेला सांगू नकोस,” म्हातारबुवा खालच्या आवाजात म्हणाले. “माझ्या गोळ्या आताच ती मोजून देते. हे कळलं तर दाराची किल्लीही काढून घेईल.”

बगळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. ज्या दुखण्याची तो आपल्या दारात वाट बघत होता, ते बहुधा या दारात येऊन बसलं होतं. त्याला वाईट वाटलं. पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता आणि तो आवरता येत नव्हता. तो उठला, खोलीत गेला, घड्याळाचं झाकण उघडलं आणि पंपाची वेळ ठरवणाऱ्या दुपारच्या खुंट्या काढून पहाटेला आणि संध्याकाळला लावल्या. बटण पुन्हा घड्याळावर टाकलं.

“आता दुपारी हा तोंड उघडणार नाही,” तो म्हणाला. “तुम्ही खाली उतरायचंच नाही.”

तेवढ्यात ताईंची गाडी आत आली. “काका, थांबलात? काही बोलायचं होतं का?”

तयार ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. “ताई, मी विसरलो नव्हतो!” बगळा जवळजवळ ओरडलाच. “पंप आजोबा बंद करायचे!”

म्हातारबुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खरा बगळा असता तर उडून गेला असता.

“बाबा, तुम्ही?” ताई म्हणाल्या.

“आवाज होतो त्याचा. झोप लागत नाही.”

“मग मला सांगायचं ना!”

“तू म्हणाली असतीस, खोली बदला.”

“अहो, पण बंद केला तर नंतर पुन्हा—”

“पंपाच्या वेळाच बदलल्यात ताई,” बगळा मध्येच म्हणाला. “आता दुपारी कोणी हात लावायची गरज नाही.” पुढचं त्याने गिळलं.

ताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे मी तुम्हाला उगाच बोलले.”

“बोला हो ताई. कितीही बोला.”

म्हातारबुवा त्याच्यामागून फाटकापर्यंत आले. “पोटात काही राहत नाही तुझ्या.”

“निघून गेलं तोंडातून.”

“पण पुढचं बोलला नाहीस.”

“पुढचं काय?” बगळा म्हणाला. “मला नाही बुवा आठवत.”

म्हातारबुवा इतके हसले, की कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. “गोळ्या मात्र ताईंच्याच हातून घ्या,” गाडीत बसता बसता बगळा म्हणाला, आणि म्हातारबुवांनी हात झटकला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून. भीतीचं तो पहिल्यांदाच बोलत होता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या थांबल्या नाहीत. ती शेजारी येऊन बसेल, निदान डोळे तरी पुसेल, असं त्याला वाटलं होतं.

“म्हणजे डोकं ठीक आहे तुमचं?”

“ठीक आहे.”

“नक्की?”

“आजोबा साक्षीला आहेत.”

“मग ओला टॉवेल पलंगावर कोण टाकतं?” ती कडाडली. “दातावर दात धरून बसले मी इतके महिने! म्हटलं, बोलायचं नाही, बिचाऱ्याला भावाचंच दुखणं लागलंय. न्हाणीघरातला दिवा रात्रभर जळतोय, मी गप्प. दूध आणायला गेलात आणि साबण घेऊन आलात, मी गप्प. माझ्या भाचीला तिच्या आईच्या नावाने हाक मारलीत, ती पोर माझ्याकडे बघतेय, मी आपली गप्प! थोरल्या जाऊबाईंना विचारून आले, भाऊजींचं पहिलंवहिलं काय चुकलं होतं म्हणून. आणि तुम्ही नुसते गबाळे निघालात!”

“तुला माहीत होतं?”

“खालच्या वाण्यालाही माहीत होतं! आरशासमोर उभं राहून ‘दाढी केली, नळ बंद’ असं कोण म्हणतं?”

बगळा पाय पसरून बसला. भिजलेल्या माणसाने उन्हात बसावं तसा तो ऐकत राहिला.

“तो टॉवेल उचला आधी.”

“उचलतो.” तो हलला नाही. “आणि छत्रीचं राहिलंच की? मी पाहुण्यांची छत्री घालवली ती?”

“ती तर वेगळीच गोष्ट आहे, ऐका आता,” बायको म्हणाली, आणि घडी खाली ठेवून खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.