करकरणारी खुर्ची

बाईंबद्दल सुतारकाकांना फारसं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. त्या डावऱ्या होत्या, हे त्यांना माहीत होतं, कारण टेबलाचा खण त्यांनीच डावीकडे बसवून दिला होता. चहा त्यांना फिका लागे. रोज चहाच्या वेळी त्या पर्समधून एक गोळी काढून घेत. काका ती पित्ताची धरून चालले होते. बाई राहत कुठे, घरी कोण होतं, यातलं काही विचारायचं काकांच्या मनात बरेचदा आलं, पण तोंडात करवतीचे दात धरून बसल्यासारखं व्हायचं आणि ते स्क्रूच्या मापाबद्दल काहीतरी बोलून निघून यायचे.

काका त्या संशोधन संस्थेत सुतार होते. खाली तळमजल्यावर त्यांची कार्यशाळा, तिच्या शेजारी बाईंची खोली. वरच्या मजल्यावर कर्करोगावर काम करणारी प्रयोगशाळा होती. शरीरभर धुमाकूळ घालणारं औषध देण्याऐवजी नेमक्या बिघडलेल्या पेशीला गाठून तिलाच दणका देणारं औषध कसं करायचं, याच्या मागे ती मंडळी होती. बाईंचं काम वेगळं. शिकणाऱ्या मुलांना नैराश्य का येतं, किती जणांना येतं आणि ती ते कुणाला सांगत का नाहीत, हे त्या शोधत होत्या.

सांगत नाहीत, हीच तर अडचण होती. समोर बसवून विचारलं की मुलं म्हणत, "मी मस्त आहे." म्हणून बाईंनी काकांकडून खोलीच्या मधोमध एक लाकडी आडोसा करून घेतला. त्याला मध्ये कापडाची खिडकी, मुलांच्या बाजूला वेगळं दार. काकांनी लाकडाचे छोटे बिल्लेही कापून दिले, त्यांवर फक्त आकडे. प्रत्येक प्रयोगशाळेकडे तिच्या ठरलेल्या आकड्यांचे, माणशी एक, असे बिल्ले गेले. ज्याची मर्जी असेल त्याने यायचं, बिल्ला फटीतून आत टाकायचा, खुर्चीवर बसायचं आणि बोलायचं. बाईंनी शब्द दिला होता की त्या कुणाचं तोंड पाहणार नाहीत की नाव विचारणार नाहीत. "फक्त कुणाच्या जिवावर बेतेल असं वाटलं तर मी उठून पलीकडे येईन," हेही त्या प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगत.

"बाई, चर्चमधली कबुलीजबाबाची कोठडी झाली की ही," काका म्हणाले होते.

"तिथे पापं सांगतात, काका. इथे झोप लागते का एवढंच सांगायचंय."

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त मुलांच्या बाजूची खुर्ची करकरू लागली. आपण केलेली खुर्ची करकरते, ही गोष्ट काकांना दाताखाली खडा आल्यासारखी खुपायची. एका सुटीच्या दिवशी ते मुद्दाम आले, मागच्या पायांचे सांधे खोलले, नवा सरस भरला, आवळून ठेवले. खुर्ची अशी मुकी झाली की वर हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही. बाईंना आनंद होईल, या कल्पनेने ते घरी जाताना एकटेच हसत होते.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

"काका, खुर्चीला काय केलंत?"

"दुरुस्त केली."

"कुणी सांगितलं होतं?"

काकांनी रंधा खाली ठेवला. बाई आत आल्या, फळ्यांच्या ढिगावर टेकल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी आपल्या कामातलं काही काकांना सांगितलं.

वरच्या कर्करोगवाल्या प्रयोगशाळेतून आलेल्यांची उत्तरं फार वाईट होती. पहिला आला तो हसवून गेला, झोप उत्तम, भूक उत्तम. पुढचे मात्र एकापेक्षा एक खचलेले. एकाला रात्रभर डोळा लागत नव्हता. एकाने घरच्यांचे फोन घेणंच बंद केलं होतं. एकजण म्हणाला होता, बशीतल्या पेशी वाढतायत, मी मात्र आटत चाललोय. आवाज निराळे, कुणी घोगरा, कुणी बारीक, एक तर मुलीचा. आकडे संस्थेच्या मोठ्या साहेबांकडे गेले आणि तिथे हलकल्लोळ झाला. त्या प्रयोगशाळेच्या दाढीवाल्या सरांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. मग ठरलं की त्या अख्ख्या मजल्याला रोज सकाळी मैदानात नेऊन व्यायाम द्यायचा.

"म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "वरची मंडळी दुखणाऱ्या पेशीलाच गाठणारं औषध शोधतात, आणि आम्ही एका माणसाच्या दुखण्यासाठी सगळ्या मजल्याला उड्या मारायला लावणार."

"एका?"

"आवाज वेगळे, पण खुर्ची प्रत्येक वेळी तशीच वाजायची. तो मागे झुलतो, थोडा थांबतो आणि धपकन पुढे येतो. बाकी कुणी असं बसत नाही. मला वाटतं सगळ्यांचे बिल्ले घेऊन एकच जण येतोय. त्यांच्या कामाची रीतच तशी आहे, ज्याला सवड असेल तो दुसऱ्याच्या पेशींना खाऊ घालतो. तसंच यांनी बिल्ल्यांचंही केलं असणार: 'तू जातोसच आहेस, तर माझाही टाकून ये.' मागच्या खेपेला तो म्हणाला की लवकरच माझ्या पेशी दुसऱ्या कुणाला तरी सांभाळाव्या लागतील. मला ते बरं वाटलं नाही, काका. विचारलं तर हसण्यावारी नेलं. त्या प्रयोगशाळेचा आता एकच बिल्ला राहिलाय. तो घेऊन कोण येतंय हे मला कळायला हवं, आणि तुम्ही खुर्चीचं तोंड बंद करून ठेवलंत."

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेस्ट ट्यूब ठेवायला लाकडी घोडी हवी म्हणून वरून एक मुलगा तुकडे मागायला यायचा. संस्थेत सगळे त्याला नकल्या म्हणत, कारण दाढीवाल्या सरांपासून पहारेकऱ्यापर्यंत कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढी. जिन्यात हशा पिकला की समजावं, नकल्या उतरतोय. आणि कार्यशाळेतल्या स्टुलावर बसला की हा पठ्ठ्या मागे झुलायचा, थांबायचा आणि धपकन पुढे यायचा.

"बाई, तो म्हणजे..."

बाईंनी हात वर केला. "नाव नको. मी शब्द दिलाय."

"पण त्याचं काही बरंवाईट..."

"तसं वाटलं तर मी स्वतः उठून जाईन. शेजारच्या खोलीत डॉक्टरांना बसायला सांगितलंय. पण त्याने आपण होऊन सांगितलं तर तो पुढेही बोलेल. आपण पकडलं तर दुसरा आवाज काढेल. तुम्ही फक्त करकर परत घाला."

आयुष्यभर करकर काढण्यात गेलेल्या माणसाला ती घालायची कशी, हे कुठे माहीत असणार? सांधा सैल केला तर खुर्ची डुगडुगे, पण बोलेना. सरस खरवडला तर नुसती कण्हे. शेवटी ते खुर्ची घरी घेऊन गेले आणि अंगणात बसून मागेपुढे झुलू लागले.

"अहो, काय चाललंय हे?" बायकोने विचारलं.

"बिघडवतोय."

"एवढे कष्ट कशाला? एरवी तुम्ही हात लावला की आपोआप बिघडतं."

शेवटी तिनेच सुचवलं म्हणून त्यांनी सांध्यात कोरड्या लाकडाची पातळ चकती सरकवली, आणि खुर्ची पूर्वीसारखी बोलली. काका इतके खूश झाले की बायकोलाही एकदा झुलून पाहायला लावलं.

त्या खोलीत पुढे काय झालं ते बाईंनी कधी सांगितलं नाही. सांगितलं ते नकल्यानेच, बऱ्याच दिवसांनी, कार्यशाळेतल्या त्याच स्टुलावर बसून, दोन्ही आवाज काढून.

तो शेवटचा बिल्ला टाकून बसला आणि एका वयाने थोराड विद्यार्थ्याच्या आवाजात खोकला. मागे झुलला. खुर्ची करकरली. पलीकडून बाई म्हणाल्या, "या. पुढच्या वेळी बिल्ला नसला तरी चालेल. तुमचे स्वतःचे प्रश्न अजून विचारायचे राहिलेत."

तो आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला, "कधी ओळखलंत?"

"आवाज तुम्ही झकास काढता. पण बूड एकच आहे ना."

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. पहिल्यांदा आपला बिल्ला टाकला तेव्हा सवयीने सगळं मस्त सांगून बसलो, तो म्हणाला. मग दुसऱ्याचा बिल्ला हातात आला आणि वाटलं, याच्या नावावर खरं सांगता येईल. पुढचे बिल्ले त्याने मित्रांकडून स्वतःहून मागून घेतले होते. बाई उठायच्या आत तोच आडोशाच्या पलीकडून उठून आला आणि बाईंच्या दारात उभा राहिला. तिथून बाई त्याला शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

काही महिने त्याने रजा घेतली. त्याच्या पेशींना सगळ्यांनी पाळीपाळीने सांभाळलं. दाढीवाल्या सरांनीही, आणि त्यांच्या हातून एक बशी वाळली म्हणतात. नकल्या परतला तो लगेच पहिल्यासारखा नव्हता. कधी येई, कधी न येई. पण आता "आज नाही जमत" असं सरळ म्हणायचा. बाईंनी त्या प्रयोगशाळेची सगळी उत्तरं रद्द केली, साहेबांपुढे "बिल्ला मोजला, माणूस मोजला नाही, चूक माझी" म्हणाल्या आणि काम पहिल्यापासून धरलं. त्यात एक वर्ष गेलं. व्यायाम मात्र रद्द झाला, त्याबद्दल वरचा मजला त्यांचा जन्माचा ऋणी राहिला.

ती गोळी पित्ताची नव्हती, हे काकांना बाई गेल्यावर त्यांच्या आठवणीसाठी जमलेल्या मंडळींत कळलं. नकल्याला ते आधीपासून ठाऊक होतं. बाईंना कित्येक वर्षं कर्करोग होता आणि ती गोळी वरच्या मजल्यावर शोधतात त्याच जातीची, नेमक्या पेशीला गाठणारी होती. तिने त्यांना बरीच चांगली वर्षं दिली. "हे औषध बघ," त्या नकल्याला म्हणाल्या होत्या, "माझ्यापेक्षा हुशार. कुणाच्या दारात जायचं ते त्याला न विचारता कळतं." त्याने ते बाईंच्याच आवाजात म्हणून दाखवलं आणि सगळे हसले. काकांनाही चार शब्द बोला म्हणाले. ते उभे राहिले, खण डावीकडे होता म्हणाले आणि बसले.

काका बाईंना शेवटचे भेटले होते ते त्या वारल्या त्याच आठवड्यात, व्हरांड्यात. त्या पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या.

"काका, खुर्चीला पॉलिश केलंत म्हणे?"

"केलं."

"सांध्याला हात नाही ना लावला?"

"नाही, बाई."

"बरं झालं. येते मग."

"या."