दातांत धरलेला पेचकस

पेचकसाची, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरची, लाकडी मूठ दातांत धरायची, टोक वाद्याला किंवा रेडिओच्या पेटीला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जवळ घे गा, जोर येईन." आमच्या सीताबर्डीच्या वाद्ये-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातील मुख्य कारागिराची, मास्तरांची, परीक्षा ती एवढीच. तिच्यावाचून कोणतीही वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. काम थोडे, आविर्भाव फार. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षे काढली आणि सहाही वर्षे त्यांना ढोंगी मानले.

लढाईच्या दिवसांत कामठीच्या छावणीतील बँडमध्ये एक ख्रिस्ती गृहस्थ विजेची गिटार वाजवीत. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबकाचा पिकअप बसवलेला असे. तारांचा कंप टिपून तो ॲम्प्लिफायरकडे धाडी. आवाज फाटतो, अशी तक्रार घेऊन ते आले. मास्तरांनी ॲम्प्लिफायरमधला व्हॉल्व्ह बदलला, जोड पुन्हा झाळले आणि शेवटी स्क्रू फिरवून पिकअप तारांच्या आणखी जवळ आणला. आवाज अधिकच फाटू लागला. मास्तरांनी दोष कामठीच्या विजेला दिला. दुसऱ्या खेपेस तो वादकाच्या बोटांना दिला.

तिसऱ्या खेपेस गृहस्थ उतरलेल्या चेहऱ्याने आले. शनिवारी पुन्हा आवाज फाटला, तर त्यांच्या जागी दुसरा माणूस बसणार होता. मास्तर चहाला गेले होते. मी स्क्रूला दोन फेरे देऊन पिकअप खाली घेतला. फार जवळचा लोहचुंबक तारेला ओढतो, मोकळेपणी हलू देत नाही. दुखणे एवढेच होते. आवाज स्वच्छ निघाला. थोडा हळू, पण स्वच्छ.

मास्तर परतले. मूठ दातांत गेली, टोक ॲम्प्लिफायरच्या पेटीला लागले, गृहस्थांनी तार छेडली. कपाळाला आठी पडली. कोणालाही न विचारता त्यांनी स्क्रू फिरवून पिकअप पुन्हा वर घेतला. गृहस्थांनी तार छेडली. आवाज फाटला.

मास्तरांना गिऱ्हाइकासमोर मी कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "लोहचुंबक तार ओढतो आहे. खाली घ्या."

"तुले कान हायेत का गा?"

"मला आहेत."

मास्तर गिटारीवर वाकले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "खाली घेतलं का मले काहीच ऐकू येत नाही. काहून?"

तो वाद नव्हता, प्रश्न होता. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावण्याची त्यांची सवय मी इतकी वर्षे गर्वाच्या खाती टाकली होती. पेचकसातून दातांवाटे येणारा कंप, एवढेच त्यांचे ऐकणे उरले होते.

गृहस्थांनी त्यांच्या हातून पेचकस घेतला, पिकअप खाली केला आणि मूठ पुढे करून पेचकस परत दिला. मास्तरांनी ती दातांत धरली, टोक ॲम्प्लिफायरच्या पेटीला लावले. गृहस्थांनी एक पूर्ण गत वाजवली.

"आता बरोबर हाय," मास्तर म्हणाले. वादन थांबले होते. त्यांची मान अजून डोलत होती.

गृहस्थांची जागा टिकली. मास्तर दुसऱ्या दिवशी आले नाहीत. उमरेडला लेकीकडे गेले, ते तिकडेच राहिले.

माझे मत बदललेले नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याने तसे सांगावे; लोकांची वाद्ये बिघडवू नयेत.

पेचकस माझ्या खणात आहे. मुठीवर दातांच्या खुणा आहेत. एकदा कानांत कापूस घालून मी ती दातांत धरली आणि टोक रेडिओला लावले. फार थोडे ऐकू आले.