अक्का आणि कूलरचं गवत

अक्का आमच्या घरी आल्या की आधी चहा नाही, पाणी नाही, "कशी आहेस" नाही, आधी भिंत. दारात चपला काढायच्या, पंजाची उलटी बाजू भिंतीला टेकवायच्या आणि डोळे मिटून नाक वर करायच्या. तेवढा वेळ आम्ही घरातले सगळे निकाल लागायचा असल्यासारखे गप्प उभे. "कोरडी आहे," म्हणाल्या की माझा जीव भांड्यात पडायचा. नाही म्हणाल्या, तर त्या दिवशी कपाटं सरकवणं आलंच.

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. नाना, त्यांचे यजमान, गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. माहेर देवपूरचं, धुळ्याचं. जळगावात शाळेवर शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे बोलणं अगदी पुस्तकी. पण घाबरल्या की आतली अहिराणी बाहेर पडायची. त्यांची भाषा बदलली की आम्ही हातातलं काम टाकून उठायचो. कॉलनीतली टारगट मंडळी त्यांना "ओलअक्का" म्हणायची. त्यांच्याही कानावर होतं ते. "म्हणू देत, आधी घरं कोरडी ठेवा म्हणावं," एवढंच त्यांचं उत्तर.

त्यांचा हात काही ब्रह्मवाक्य नव्हता हो. समोरच्या पाटील वहिनींच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले म्हणून अख्खी खोली रिकामी करायला लावली, आणि ते निघाले नातवाच्या काळ्या खडूचे! वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. अक्कांना ना खंत ना खेद. "खडू निघाला हे बरंच झालं की," म्हणाल्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा तथागतांच्या तसबिरीला आधी हात जोडले आणि मग तीच तसबीर खुंटीवरून काढून मागचा रंग नखाने खरवडून पाहिला. मी मुळात भित्री. त्या गेल्यावर मीही एकेक कॅलेंडर उचलून बघत बसले.

ही भीती कुठून आली ते त्यांनी एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे भट्टी. झळा नकोत म्हणून आपण दारं-खिडक्या घट्ट लावतो आणि आत कूलर सोडतो. दिवाळीआधी तोच कूलर ओल्या गवतासकट झाकून ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात गवत झटकतो, वास घेतो आणि "चांगलं तर आहे" म्हणून पुन्हा जाळीत भरतो. नाना असेच कूलरसमोर दिवाणावर दुपारभर पडायचे. आधी खोकला आला, मग जिना चढताना दम, आणि पुढे बसल्या जागी श्वास पुरेना. कुजक्या गवतातली बुरशी वाऱ्याबरोबर छातीत जाऊन बसली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं तोवर फार उशीर झाला होता.

"गवत मी भरलं होतं गं," अक्का म्हणाल्या. "माझ्या या हातांनी. पैसे नव्हते असं नाही. फेकवत नव्हतं." आणि पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझ्या ओवीला खोकला लागला. पाच वर्षांची पोर. दुपारी झोपून उठली की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. सगळे म्हणाले, साथ आहे. औषधं झाली, काढे झाले. तिला घेऊन रावेरला भावाकडे गेले, तर चार दिवस केळीच्या मळ्यात हुंदडली आणि एकदाही खोकली नाही. मी म्हटलं, सुटलो बाई! जळगावात परतलो आणि दुसऱ्याच दुपारी पोर उशीवर उठून बसली, मान पुढे काढून हवा ओढायला लागली. नखं निळसर दिसली मला. नवरा पाइपच्या कारखान्यात ड्यूटीवर. मी भिंतीवरून अक्कांना हाक मारली.

रिक्षात अक्कांनी एकच विचारलं, "गावले खोकली का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मग घरमा शे," म्हणाल्या, म्हणजे दुखणं घरातच होतं, आणि माझा हात दुखेपर्यंत धरून ठेवला. दवाखान्यात वाफ दिल्यावर ओवीचा श्वास सुरळीत झाला. छातीच्या डॉक्टरांनीही घराचंच विचारलं: घरात ओल आहे का, कूलर कोणता?

आमचा कूलर जुनाच होता, पण गवत नवं आणलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. तो ज्या जड, कधीच न हलवलेल्या कपाटाशेजारी उभा होता ते कपाट अक्कांनी सरकवायला लावलं. बाई गं! त्याच्या मागे जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत काळी, मऊ, केसाळ. बंद खोलीतला कूलरचा सगळा ओलावा तिथे मुरत होता. आणि पोरीची उशी तिथून हातभर अंतरावर.

"बठ्ठं बाहेर काढ!" अक्का ओरडल्या. सगळंच्या सगळं. मग त्यांनी घर हातात घेतलं. ओवीला पाटील वहिनींकडे धाडलं. नाकातोंडाला फडकी बांधली. कोरडं खरवडू दिलं नाही, उडतं म्हणाल्या; साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं, फडकी आणि गवत पिशवीत बांधून फेकलं. नवऱ्याने वरून रंग मारायचं काढलं तर त्याच्यावर खेकसल्या, "रंग म्हणजे पांघरूण! आधी वाळू दे." कूलर गेला खिडकीबाहेर, समोरची खिडकी उघडी, कपाट भिंतीपासून वीतभर दूर. ओवीचा खोकला हळूहळू थांबला. माझी भीती काही थांबली नाही. अजूनही कुठे काळा डाग दिसला की मी आधी पोरीच्या श्वासाकडे बघते.

दिवाळीनंतर त्यांचे धाकटे भाऊ, आबा, त्यांना देवपूरला घेऊन गेले. एकटी कशाला राहते म्हणून, असं आम्हाला सांगितलं. आम्ही ते खरं मानलं.

मागच्या महिन्यात ओवीला घेऊन भेटायला गेले. अक्का ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, पार वाळलेल्या. मला बघून पहिला प्रश्न, "पोर पळते का?" ओवीने अंगणात चकरा मारून दाखवल्या. अक्कांनी तिला जवळ ओढलं, पाठीला कान लावला आणि कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. "साफ आहे," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

ओवीला वाटलं, हा खेळच. "आता माझी पाळी," म्हणत ती खुर्चीमागे गेली आणि अक्कांच्या पाठीला तिने कान चिकटवला. दुसऱ्या कानात बोट घातलं. मग म्हणाली, "आजी, तुमच्या आत कुणीतरी कागद चुरगाळतंय."

नानांच्या शेजारी, त्याच खोलीत, त्याच वाऱ्यात अक्काही झोपत होत्या. इतक्या दिवसांत हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अक्का मात्र दचकल्या नाहीत. मागे हात नेऊन त्यांनी ओवीचे केस कुरवाळले.

"माले माहीत शे, बेटी," म्हणाल्या आणि अंगणातल्या उन्हाकडे बोट दाखवलं. "तू खेळाले जाय. तठे, उनमा खेळ."