वासूला नाही म्हणायचं नसतं

आपिसाईला नाही म्हणता येत नाही, हे कंदावू बेटाच्या त्या अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं. जाळं मागा, देईल. होडी मागा, देईल, वर टाकीत पेट्रोल भरून देईल आणि स्वतः गळ घेऊन खडकावर बसून राहील. त्याची बायको वासिती चारचौघींत म्हणायची, "नशीब, अजून मला कुणी मागितलं नाही." त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो आपिसाईच.

मग भाच्याची तर गोष्टच सोडा. बहिणीचा मुलगा आजोळी आला की तो गावाचा वासू. वासूनं बोट दाखवावं आणि मामानं उचलून द्यावं; कोंबडा असो, डुकराचं पिल्लू असो, नाहीतर मामाच्याच डोक्यावरची टोपी. वासूला नाही म्हणणाऱ्याच्या जाळ्यात मासा येत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. ज्याचं पोटच मासळीवर, तो माणूस असल्या गोष्टीची परीक्षा घेत बसत नाही.

नाताळच्या सुट्टीत आपिसाईची धाकटी बहीण मेरेओनी ब्रिस्बेनहून आली, तेव्हा तिचा इलाय सहा वर्षांचा होता आणि आजोळ पहिल्यांदाच बघत होता. तिकडे बिस्किटाच्या पुड्यासाठीही त्याला आईपुढे नाक घासावं लागे. इथे दोन दिवसांत त्याला किल्ली सापडली. मामाकडे, म्हणजे मोमोकडे जायचं, बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "मोमो, ते." की ते आपलं. तिसऱ्या दिवशी तो मोमोची टोपी घालून, मोमोचा कोंबडा काखेत मारून गावभर फिरत होता, आणि आपिसाई उघड्या डोक्यानं, उन्हात, त्याच्यामागे. चेहऱ्यावर असा आनंद, की जसं काही त्यालाच कुणी काहीतरी दिलंय.

मेरेओनीनं आल्याआल्याच सांगितलं होतं. त्या बेटावर भावाबहिणीनं एकमेकांशी मोजकंच, तेही आडूनच बोलायचं असतं, म्हणून तिनं वासितीला सांगितलं, "वहिनी, दादाला सांगा. खेकडा, कोळंबी, शिंपल्या, यातलं काही इलायच्या तोंडात जाता कामा नये. त्याचा जीव जाईल." वासितीनं डुकरांना खरकटं घालता घालता नवऱ्याला सांगितलं. डुकरं ओरडत होती. आपिसाई हो हो म्हणाला. त्याला वाटलं, शहरातल्या पोरांना असतंच असलं काहीतरी. एकाला दूध चालत नाही, एकाला धूळ. अंगावर थोडं उठत असेल, खाजवेल, जाईल.

शनिवारी सकाळी तो खारफुटीच्या चिखलात उतरला आणि दोन मोठे खेकडे बांधून घेऊन आला. ते बहिणीसाठी. लहानपणी खेकड्याची नांगी फोडताना ती कुणाशी बोलत नसे, हे त्याच्या लक्षात होतं. पोरगं झोपलं की निवांत खाईल, असं ठरलं. वासितीनं मागच्या स्वयंपाकाच्या खोपटात नारळाच्या दुधात खेकडे शिजवले आणि ती मेरेओनीबरोबर ओढ्यावर कपडे धुवायला गेली. "भांड्यावर लक्ष ठेवा," एवढं सांगून गेली.

वास कुणाला अडवता येतो? इलाय नाक वर करत खोपटाच्या दारात येऊन उभा राहिला.

"मोमो, ते."

आपिसाईनं तळलेला मासा पुढे केला. "हे घे. हे चांगलंय."

"हे नको. ते."

"ते आईचं आहे."

"मी वासू आहे," इलाय म्हणाला. हे त्याला गावातल्या पोरांनी शिकवलं होतं.

आता आली का पंचाईत. बहिणीला शब्द दिलेला, आणि वासू समोर बोट रोखून उभा. दाराबाहेर बघावं तर विचारायला कुणी नाही. आपिसाईनं मान खाजवली आणि त्याला वाटलं, साप मरेल आणि काठीही मोडणार नाही असा तोडगा आपल्याला सापडला. त्यानं उकडलेल्या कसावाच्या कंदाचा तुकडा मोडला, खेकड्याच्या रश्श्यात बुडवला, निथळला आणि पोराच्या हातावर ठेवला. खेकडा दिला नाही. वासूला नाहीही म्हटलं नाही. स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला, हे सांगायलाच हवं.

इलायनं तुकडा खाल्ला, बोटं चाटली आणि थोड्या वेळानं ओठ चोळायला लागला. मग मान. मग पोट.

"मोमो, घशात केस अडकलाय."

"पाणी पी."

"जात नाही." त्याचा आवाज एकदम घोगरा झाला होता. ओठ सुजून पालथे पडले होते आणि गळ्यावर लाल गांधी उठत चालल्या होत्या. आपिसाईनं त्याला उचललं आणि ओढ्याकडे धावत सुटला. वाटेत पोरगं त्याच्या खांद्यावर ओकलं.

मेरेओनीनं लांबूनच पाहिलं आणि हातातलं कापड ओढ्यात सोडून दिलं. मुलाला काठावर आडवं निजवून तिनं कमरेच्या पिशवीतून पेनासारखं इंजेक्शन काढलं. ते एकच होतं. दुसरं सुवा शहरात, मोठ्या बॅगेत राहिलं होतं. आपण ते कसं विसरलो, हे ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला विचारणार होती. मारलं की संपलं. म्हणून हे खरंच खेकड्याचं आहे का, ते तिला आधी कळायला हवं होतं.

"काय खाल्लं यानं? मुंगी चावली? कुणी खेकडा दिला?" ती सगळ्यांना विचारत होती. कपडे धुणाऱ्या बायका नाही नाही म्हणत माना हलवत होत्या.

"मी खेकडा दिला नाही," आपिसाई म्हणाला.

खरं होतं ते. पण पोरगं शिट्टीसारखा श्वास ओढत होतं आणि मेरेओनी त्याच्या पायांवर मुंगीचा दंश शोधत होती. ती एक पाय बघून दुसरा उलटा करेपर्यंत आपिसाईला ते सहन झालं नाही.

"रस्सा," तो म्हणाला. "रश्श्यात बुडवून कसावा दिला. मी दिला."

कितीतरी वर्षांत पहिल्यांदा बहिणीनं त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. इंजेक्शन मुलाच्या मांडीवर, चड्डीवरूनच दाबलं आणि धरून ठेवलं.

शिट्टी हळूहळू कमी झाली. बायकांनी देवाचं नाव घेतलं. मेरेओनीनं फोनवर दवाखान्याच्या नर्सला गाठलं आणि फोन कानाला लावूनच म्हणाली, "इंजेक्शनचा असर उतरतो म्हणे. पुन्हा सुरू होऊ शकतं. आत्ताच्या आत्ता पलीकडे न्यायला सांगतेय. आणि त्याला आडवंच ठेवायचं. उठवायचं नाही, बसवायचं नाही, उठला तर हृदय बंद पडू शकतं."

दवाखाना खाडीपलीकडे, आणि ओहोटी लागलेली. आपिसाईची होडी चिखलात कलती बसली होती. चटई टाकून इलायला तिच्यात निजवलं, आणि शेजारचा वातीसोनी, चर्चमधून धावत आलेले चार गडी, बायका, सगळे दोन्ही बाजूंनी होडीला भिडले. गुडघाभर चिखल. एकेक पाय उपसायचा आणि ढकलायचं. आपिसाई सगळ्यांत पुढे, खांदा लावून, आणि क्षणाक्षणाला मान वळवून चटईकडे बघत. पाणी समोर चमकत होतं आणि जवळ येत नव्हतं.

एकदाची होडी तरंगली. वातीसोनीनं इंजिन सुरू केलं. मेरेओनी मुलाच्या पायांशी, त्याचे पाय मांडीवर उंच धरून, आपिसाई डोक्याशी. अर्ध्या वाटेत इलायचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो पुन्हा खोकायला लागला.

"मोमो, मला बसव."

आपिसाईनं त्याच्या खांद्यांवर हात ठेवले.

"मला समुद्र बघायचाय. बसव ना."

मेरेओनीला हुंदका आला आणि तिनं तोंड फिरवलं. तिचा नर्सवर विश्वास होता, पण पोराचा तो आवाज तिला ऐकवत नव्हता.

"अरे, जरा टेकून बसू दे की," मागून वातीसोनी ओरडला. "वासू आहे तो. दर्याच्या मधोमध त्याला नाही म्हणणार काय?"

इलाय कोपरावर उठू लागला. "मोमो, मी सांगतोय."

"नाही," आपिसाई म्हणाला.

वातीसोनीनं इंजिनाचा वेगच कमी केला, इतका तो चकित झाला. "तू इंजिन बघ," आपिसाई त्याच्यावर खेकसला आणि पोराला दाबून खाली धरलं. इलाय रडला, त्याच्या हातांवर चापट्या मारत राहिला, मग त्या चापट्याही ढिल्या पडत गेल्या.

"तू माझा मोमो नाहीस," इलाय पुटपुटला.

"नसेन. पडून राहा."

पलीकडच्या धक्क्यावर नर्स गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. तिनं होडीतच दुसरं इंजेक्शन दिलं, मग स्ट्रेचरवर घालून आत नेलं, नळ्या लावल्या, सलाईन लावलं. आपिसाई चिखलाच्या अंगानं व्हरांड्यात उभा होता. आत जायला सांगितलं नव्हतं म्हणून गेला नाही, आणि उभं राहवेना म्हणून येरझाऱ्या घालत राहिला. या खांबापासून त्या खांबापर्यंत. फरशीभर चिखलाची पावलं उमटली, सफाईवाली बाई काही बोलली नाही.

उन्हं कलल्यावर मेरेओनी बाहेर आली. "रंग आलाय तोंडावर," ती म्हणाली. "रात्रभर इथेच ठेवणार आहेत."

आपिसाईनं खाली बघून मान हलवली.

"तुला नाही म्हणता येतं," ती म्हणाली. आड नाही, पडदा नाही, समोरासमोर. "मग खोपटात का नाही म्हणालास?"

आपिसाईचे डोळे भरून आले आणि चिखलाच्या हातानं ते पुसताही येईनात. जायचं की थांबायचं हे तिचं ठरत नव्हतं, असं दिसलं.

"याच्या बाबांना फोन करायचाय," शेवटी ती म्हणाली. "इथे रेंज नाही, टेकडीवर जावं लागेल. तू अंग धू आणि त्याच्याजवळ बस."

"मी?"

"मग कोण? मोमो कोण आहे त्याचा?"

"काही मागितलं तर नाही म्हणेन," आपिसाई म्हणाला.

"पाणी मागितलं तर दे रे," ती म्हणाली आणि टेकडीची वाट चढू लागली.

तो नळावर अंग धुऊन आत गेला आणि स्टुलाच्या काठावर बसला. बऱ्याच वेळानं इलायनं डोळे उघडले. त्याला ओळखलं, जरासा रुसला, आणि मग टेबलावरच्या तांब्याकडे बोट दाखवलं.

"मोमो, ते."

आपिसाई उठला, आधी नर्सला विचारून आला, आणि मगच त्यानं पेला भरला.